सुकडीची विहीर

"हे पुस्तक आहे का?" टाचण्या गंजलेला कागदांचा एक गठ्ठा वर धरून पंचशीला मॅडमनी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. देवणीहून येणारा भुजंग गावचं वाचनालय सांभाळायचा. तो जरा दबकत म्हणाला, "पुस्तक कसं म्हणावं मॅडम? पुठ्ठा न्हाई, किंमत न्हाई. हापिसातला कागूद हाय त्यो."

"पण वाचता येतं ना?"

"हाव, वाचता येतं की."

"दुकानात मिळेल?"

"दुकानात कोन ठिवतंय मॅडम असलं?"

पोरं हसली. मॅडमही हसल्या. फळ्यावर त्यांनी 'ग्रे लिटरेचर' असं लिहिलं आणि खाली 'करडे साहित्य'. पाहणीचे अहवाल, समित्यांची टिपणं, कुणी कधी न छापलेले प्रबंध. जे विकायला निघत नाही, ज्याच्या चार प्रती निघतात आणि त्यातल्या तीन उंदीर खातात, ते सगळं यात येतं. "पण माणसांचं खरं जगणं पुष्कळदा यातच सापडतं," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालानं हे जपलं नाही तर ते कुणीच जपत नाही."

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि त्या पाट्यांखाली माणसं घागरी घेऊन बसत होती. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग लातूरच्या एका शाळेच्या दोन खोल्यांत भरायचा. पंचशीला वाघमारे मूळच्या मुदखेडच्या. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी जन्मल्या म्हणून आजोबांनी हौसेनं हे नाव ठेवलेलं. नांदेडला शिकल्या, इथं शिकवायला आल्या. पुस्तकावर त्यांचा जितका विश्वास होता तितका दुसऱ्या कशावर नव्हता.

तास संपल्यावर महानंदा मागं थांबली. रेणापूरच्या पलीकडच्या एका वस्तीतली ही सून. नवरा गवंडीकामाला पुण्याकडं गेलेला. सासू गुणाबाईनं तिला हट्टानं वर्गात घातलं होतं. 'पान्याचं मी बघते, तू शिकाया जा,' म्हणाली होती.

"मॅडम, आमच्या गावचंबी आसं काही लिव्हलेलं आसंल का?"

"कशाबद्दल?"

मग महानंदानं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात गायरानात एक विहीर खोदली. खोदणारी सगळी बौद्ध वस्तीतली माणसं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी गोड पिठाची भरड, खायला मिळायची म्हणून तिचं नावच सुकडीची विहीर पडलं. पुढं कधीतरी मोजणी झाली, गायरानाची शीव सरकली आणि विहीर शेजारच्या बागायतदार अण्णारावाच्या सातबाऱ्यावर चढली. आता भोवती काटेरी तार होती, फाटकाला कुलूप होतं आणि अण्णारावाची मोसंबी त्या पाण्यावर जगत होती. संध्याकाळी पाइपाच्या फुटक्या जोडातून गळणारं पाणी तो वस्तीला भरू द्यायचा, तेवढंच.

"तहसीलला गेलो तर म्हनतेत, पुरावा आना. आमी खोदली ह्याचा काय पुरावा? आत्याबाईच्या हाताला घट्टे हायत, त्ये दावावं का?"

पंचशीलाला एकदम आठवलं. नांदेडला शिकत असताना कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी असेच गठ्ठे लावले होते. त्यात दुष्काळी कामांची पाहणी होती. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून केलेली, सायक्लोस्टाइलवर काढलेली.

"असेल," त्या म्हणाल्या. "महानंदा, असेल बघ!"

रविवारी एसटीनं त्या नांदेडला गेल्या. तिथले जुने ग्रंथपाल रामकिशन सर अजून नोकरीत होते. त्यांनी माळ्यावर शिडी लावून दिली. धुळीनं पंचशीलाचा घसा धरला, हात काळे झाले. दुपार टळता टळता तो अहवाल सापडला. पानं पिवळी, शाई फिकी, कडा कुरतडलेल्या. पण गावाचं नाव स्वच्छ होतं. 'गायरानात सार्वजनिक विहिरीचे खोदकाम पूर्ण. पाणी लागले.'

"घेऊन जा," सर म्हणाले. "इतक्या वर्षांत हा कुणीच मागितला नाही."

परतीच्या एसटीत त्यांनी तो गठ्ठा मांडीवर ठेवला आणि अहमदपूर येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

महानंदानं ही खबर वस्तीत सांगितली. सांगू नको असं पंचशीलानं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे त्यांना नंतर कळलं.

तहसीलला दोघी सोबतच गेल्या. नायब तहसीलदार थकलेला माणूस होता. टेबलावर टँकरच्या मागण्यांचा ढीग, बाहेर माणसांचा कालवा. त्यानं अहवाल चाळला, उलटा करून पाहिला.

"मॅडम, हा कुणी काढला?"

"कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी. त्र्याहत्तर साली."

"जावक क्रमांक? सही? शिक्का? प्रकाशक कोण?"

"याला प्रकाशक नसतो. ही सामग्रीच अशी असते. ती विक्रीसाठी निघत नाही म्हणून—"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसता थकवा होता. "उद्या समोरची पार्टीबी असंच टाइप करून आणील. सातबाऱ्यापुढं हे टिकत नाही. अर्ज देऊन जा, चौकशी लावतो."

वर्गात फळ्यासमोर जे त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं, तेच त्यानं टेबलापलीकडून त्यांना परत केलं होतं. बाहेर आल्यावर महानंदानं विचारलं, "मॅडम, खोटं लिव्हलंय का त्यात?"

"नाही गं. खरं आहे सगळं."

"मंग?"

पंचशीलानं अहवाल पिशवीत परत ठेवला.

चौकशी लागली ती अशी, की तलाठी अण्णारावाच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाइपाचा फुटका जोड बदलला गेला. "आमच्यावर कागदं काढतेत काय? आता कागदच प्या म्हनावं," असं अण्णाराव चारचौघांत बोलला. वस्तीच्या बाया ओढ्यातल्या जुन्या पडक्या बारवेकडं वळल्या. तिच्या पायऱ्या केव्हाच ढासळल्या होत्या. तळाशी वाटीवाटीनं झरणारं पाणी भरायला दगडांवरून खाली उतरावं लागे.

महानंदा वर्गाला येत होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण यायची. "आत्याबाई घरी बसू देईना," म्हणायची. "इतकं झालं तर आता परीक्षा दे म्हनती."

मग एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी भुजंगानं स्टँडवर ऐकलेलं सांगितलं. सांगताना तो मॅडमकडं बघत नव्हता.

"महानंदाची सासू गेली. काल पहाटं बारवेत उतरली, दगुड निसटला. लातूरच्या दवाखान्यात नेली व्हती. आज आनलंय घरी."

पंचशीलानं खडू खाली ठेवला. भुजंगाला सोबत घेऊन त्या रेणापूरपर्यंत एसटीनं गेल्या, पुढं उन्हातून पायी. अहवाल पिशवीत होता. तो सोबत का घेतला, त्यांना सांगता आलं नसतं.

गुणाबाईला अंगणात चटईवर निजवलं होतं. डोक्याला पट्टी. महानंदा उशाशी बसली होती. मॅडमना पाहून ती उठली नाही, रडलीही नाही.

"मी पानी भरत असते तर वाचली असती," ती म्हणाली. "मला तुमच्या वर्गात धाडून तीच गेली."

"महानंदा, माझ्यामुळं—" पंचशीला तिच्याजवळ खाली बसल्या. "मी तो कागद आणायलाच नको होता. तुझी सासू..."

"आनला नसता तर काय, आमी त्याच्या गळक्या पाइपाखालीच बसलो असतो जलमभर." तिनं गुणाबाईच्या डोक्यावरची पट्टी सारखी केली. "पर आत्याबाई असती तरी."

बाजूला म्हातारी विठाबाई बसली होती. गुणाबाईसोबत तिनंही त्या विहिरीतली माती उपसली होती. तिनं पिशवीकडं बोट केलं. "त्योच का त्यो कागुद? ह्याच्यात गुणाचं नाव हाय का ओ बाई?"

पंचशीलानं पान उघडलं, जरी त्यांना ते पाठ होतं. "नाही, मावशी. नावं नाहीत कुणाचीच."

"मंग काय लिव्हलंय?"

"स्त्री मजूर, एवढंच."

विठाबाईनं मान हलवली. तिला त्याचं नवल वाटलं नसावं.

तेवढ्यात अण्णारावाचा सालगडी बैलगाडी घेऊन आला. गाडीत पाण्याचे दोन हंडे होते. "मालकानं धाडलंय. अंघोळीपुरतं," तो खाली मान घालून म्हणाला. वस्तीतला एक तरणा गडी गाडी उलथवायला पुढं झाला. "न्या म्हनावं माघारी! मारून पानी पाठवतेत व्हय?"

"थांब," महानंदा म्हणाली.

ती उठली. गाडीजवळ गेली, हंड्यात वाकून पाहिलं. भोवताली बाया उभ्या होत्या, त्यांच्या कडेला लेकरं. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर होत्या. गुणाबाईकडं त्या क्षणी कुणीच बघत नव्हतं.

"उतरवा," ती म्हणाली.

लुगड्याचा आडोसा धरला गेला. महानंदाला तांब्या धरवेना. पंचशीला पुढं झाल्या. त्यांनी पदर खोचला आणि पहिला तांब्या गुणाबाईच्या खांद्यावर ओतला. वाळलेलं रक्त विरघळून खाली ओघळलं. त्यांनी दुसरा भरला, पुरा काठोकाठ.

विठाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"हळू, बाई. फडकं भिजवून पुसा. तिला लई लागत न्हाई."

पंचशीलानं तांब्यातलं पाणी हंड्यात परत ओतलं. फडकं भिजवलं आणि त्या पुसू लागल्या. आधी कपाळ, मग मान, मग एकेक बोट. तळव्यांवरचे घट्टे ओल्या फडक्याखाली खरबरीत लागत होते.

पलीकडं महानंदानं दुसरा भरला हंडा घरात ओढून घेतला आणि त्यावर ताटली झाकली.