पाचवं मत

नर्सबाई लेक वरच्या गावची आणि सून खालच्या शहराची. म्हणूनच धरणाची उंची वाढवायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर दोन्हीकडच्यांनी तिला एकमुखाने पाठवलं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आज सहा महिन्यांनी, पाटबंधारे कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, दोन मतं बाजूने आणि दोन विरोधात पडली आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले.

बाजूचं सगळं तिला पाठ होतं. शहराला चार दिवसांआड पाणी, तेही गढूळ. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात एकेका खाटेवर जुलाबाने सुकलेली दोन-दोन लेकरं निजवावी लागली होती. सत्तरीच्या सासूबाई कळशी घेऊन टाकीपाशी ताटकळायच्या. आणि विरोधातलं तर तिच्या रक्तातच होतं. मूळ धरणात माहेरचं घर बुडालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडिलांनी टेकडीवर पुन्हा घर बांधलं. आता उंची वाढली तर तेही पाण्याखाली, आणि सोबत सव्वाशे घरं.

"मी मतच दिलं नाही तर?" तिने विचारलं.

"मग माझं मत निर्णायक ठरेल," अध्यक्ष म्हणाले, "आणि मी वाढवा म्हणणार. शिवाय लोक म्हणतील, बाईंनी ऐन वेळी हात झटकले."

"पाचाऐवजी दोन फूटच वाढवलं तर?"

अभियंत्याने मान हलवली. "शहराला जेमतेम महिनाभर जास्तीचं पाणी मिळेल, आणि अर्धं गाव तरीही जाईल."

इकडे आड, तिकडे विहीर. आदल्या दिवशी नवरा म्हणाला होता, "आईकडे बघ, बाकी काही बघू नकोस." थोरला भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "तुला पटेल ते कर." दोघांपैकी एकाने तरी तिच्याशी कडाक्याचं भांडण काढलं असतं, तर सोपं गेलं असतं.

खाटांवरची लेकरं डोळ्यांसमोरून हलेनात. तिने हात वर केला. "वाढवा."

बाहेर बाकावर दादा बसला होता.

"ठरलं?"

"हो. माझ्याच मताने."

तो सुतार. स्वतःच्या घट्टे पडलेल्या हातांकडे त्याने पाहिलं. मग म्हणाला, "मुदत किती? चौकटी न मोडता काढायला वेळ लागतो गं."

शिव्या खायची तयारी करून ती आली होती, याची नव्हती.

तेवढ्यात अध्यक्ष कागद घेऊन बाहेर आले. घरोघरी जाऊन लोकांना पुनर्वसन समजावून सांगायला माणूस हवा होता. "दोन्हीकडे तुमचाच शब्द चालतो, बाई."

"मला नाही जमायचं. दुसरं कोणीतरी बघा."

"तीच येईल," दादा म्हणाला.

"दादा, अरे..."

"परक्याला आपले काका उंबऱ्यात उभं करायचे नाहीत. तुझ्यावर ओरडतील, रडतील, पण ऐकून घेतील."

अध्यक्षांनी पेन पुढे केलं. तिने दोघांकडे पाहिलं, आणि सही केली.

दादा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आधी आपल्याच घरी ये," तो म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा राहणार नाही."