थांबल्याबद्दल शाबासकी

जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीत जाण्याआधी भंगार निवडायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. नियम एकच. बंद वस्तू भट्टीत जाऊ द्यायची नाही. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, सिलिंडर, डबा, काहीही. आत गॅस असला तर भट्टी उडते आणि माणसं भाजतात. म्हणून बंद वस्तू आधी बाजूला घ्यायची, ठोकून पाहायची, फोडायची, मगच पुढं. घाई करणारा माणूस मला मुळातच आवडत नाही.

माझा मुलगा राजानंद फौजेत आहे. मे महिन्यात पाकिस्तानशी जुंपली, तेव्हा तो पंजाबात सरहद्दीजवळ क्षेपणास्त्राच्या तुकडीत होता. पाच दिवस फोन बंद. त्याची आई शिवकन्या टीव्हीपुढून हलली नाही. मग फोन आला, "बरा आहे," आणि काही दिवसांनी त्याच्या साहेबांचं शाबासकीचं पत्र: आणीबाणीच्या क्षणी संयम राखला.

ऑक्टोबरात तो सुटीवर आला तो मुका होऊनच. वाढलं तर खायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. आठ दिवस असेच गेले. रविवारी गावात त्याचा सत्कार आणि सोमवारी परतीची गाडी. जो सरपंच अप्पाराव आमच्या भीमनगरात मतं मागण्याखेरीज कधी फिरकला नाही, तो आता "साहेबराव, चहा घेऊन जा" म्हणायला लागला. मला त्याचा चहा नको होता. पोरगा असाच दगड होऊन परत गेला तर तिकडं स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल, याची मला धास्ती होती.

शनिवारी पंजाबहून आलेल्या भंगारात पांढऱ्या फायबरची एक नळी सापडली, शेपटीला मोडका पंखा. सगळे म्हणाले, ड्रोनच. मी ती पिशवीत घातली आणि घनसावंगीच्या जीपनं गावी आणली. वाटलं, ही पाहून तरी बोलेल.

ओसरीवर त्याच्यापुढं ठेवली. "ठोकून पाह्यली म्या. पोकळ हाय."

त्यानं बोटानं टकटक केलं. "अशेच आल्ते, आबा. बरेच रिकामे, नुसते फसवायला."

"मंग?"

"आम्हाला ठोकून पाहाया कुठं मिळतंय? पडद्यावर नुसते ठिपके. कोणता भरलेला, कोणता रिकामा, काय कळत न्हाई."

बोलतोय तर बोलू द्यावं.

"एक ठिपका मोठा होता. सावकाश खाली येऊन राह्यला होता. साहेब वरडले, थांब. मंग कळलं, तिकडचं प्रवासी विमान हाय. दीडशे तरी माणसं असतील."

दीडशे माणसं पडली असती तर पाकिस्तानवाले गप्प बसले नसते, आणि मग आपणही नाही. अणुबॉम्ब दोघांकडं आहेत, एवढं भंगारवाल्यालाही ठाऊक असतं. पोराच्या अभिमानानं माझे डोळे भरून आले. "थांबलास ना, राजा. लई मोठं काम केलंस."

"न्हाई थांबलो." पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज होता. "साहेब वरडायच्या आधीच बटन दाबल्तं. वायर सुटल्ती कुठंतरी. मिसाइल उडलंच न्हाई. मंग मी बोट काढलं. त्यांना वाटलं, थांबला."

"सांगितलं न्हाईस?"

"सांगणार होतो. त्याच्या आधी पत्रच आलं."

आत शिवकन्या भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज चालू होता, म्हणजे तिनं ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही.

"उद्या तू सत्काराला येत न्हाईस म्हणून सांगू का?"

"कारण काय सांगताल?" तो म्हणाला. मी नळी पुन्हा पिशवीत घातली.

रविवारी शाळेच्या मैदानात दोनेकशे माणसं जमली. हार, शाल, नारळ झालं. राजानंदनं बोलायला नकार दिला, तेव्हा अप्पारावानं माइक माझ्या हातात कोंबला. "साहेबराव, तुमच्या वाघानं काय केलं ते तुम्हीच सांगा."

मी पोराकडं पाहिलं. तो समोर कुठंतरी बघत होता.

"माझा पोरगा," मी म्हणालो, "वेळेवर थांबला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजानंदही टाळ्या वाजवायला लागला. लोक थांबले, अप्पाराव पुढचं बोलायला लागला, तरी तो वाजवतच राहिला. शेवटी मी त्याचे दोन्ही हात धरले.