कमानींचा चातुर्मास

गिरधरशेठची मोटार आषाढी एकादशीला झोपायची आणि कार्तिकातल्या देवउठनी ग्यारसला, म्हणजे एकादशीला, उठायची. देव क्षीरसागरात, मोटार इतवारा पेठेतल्या शेठजींच्या कोठीत, लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढून.

ही सोय गोटूने लावली होती. गोटू लोधीपुऱ्याचा, शेठजींचा ड्रायव्हर. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मोटार घेतली, त्या पहिल्याच पावसाळ्यात शेठजींनी सहज विचारलं होतं, "चिखलात गाडी बाहेर काढायची नाही, तर चार महिने तू करणार काय?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या शेपटाला गोटूची नोकरी लोंबकळत होती.

"कमानींची सेवा," गोटू म्हणाला.

कमानी म्हणजे मोटारीच्या पोटाखाली एकावर एक बसवलेले पोलादी पट्टे. रस्त्याचे धक्के ते खातात, म्हणून आतला माणूस पान खाऊ शकतो. पट्ट्यांमध्ये चिखल शिरला की गंज चढतो आणि गंजलेला पट्टा एक दिवस मोडतो. इथपर्यंत खरं होतं. उपायही सोपा होता. चिखल धुवायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, वरून मेणकापड गुंडाळायचं. एका सकाळचं काम. पण एका सकाळच्या कामावर चार महिने कसे काढणार? म्हणून गोटूने सांगितलं, पावसाळी हवा पोलादात मुरते. कमानी उतरवून, पट्टा न् पट्टा सुटा करून रोज तेल पाजावं लागतं. मधेच जोडल्या तर तडकतात.

"साहेबलोक असंच करतात?"

"साहेबलोक पावसाळ्यात डोंगरावर जातात," गोटू म्हणाला. शेठजींना हे पटलं.

त्यांच्याहून जास्त पटलं गोदाबाईंना. शेठाणींनी चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं सोडलेलंच होतं. मोटारीने रस्ता सोडला, यात त्यांना गैर काही दिसलं नाही. विलायती ग्रीसमध्ये कशाची चरबी असते कोण जाणे, म्हणून तिळाचं तेल ठरलं. पट्टे देवघराशेजारच्या खोलीत पाटावर गेले. त्यांना हळदकुंकू लागलं. तिसऱ्या वर्षी शेजारचे मोतीलाल दर्शनाला आले आणि आपल्या सायकलची साखळीही तिथे ठेवून गेले.

त्याच वर्षी श्रावणात गोटूचा मेहुणा अनंत भिजत दारात आला. गोटूची बायको सरुबाई माहेरी गेली होती, असीरगडच्या सडकेला लागून असलेल्या गावात.

"दाजी, अक्का विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. पोट फुगलंय. इस्पितळातल्या डॉक्टरला विचारून आलो. आत रक्त सुटलं असेल, म्हणतो. लवकर आणा, पण धक्का बसू देऊ नका. बैलगाडीत घातली तर रस्त्यातच जाईल, टांग्याचंही तेच." तो थांबला. "सडक पक्की आहे. तुमच्या शेठची मोटार…"

गोटू धावत कोठीवर गेला. ऐकून शेठजींचे डोळे भरून आले.

"मोटार तुझीच समज, भो. पण कमानी?"

"जोडतो. दुपारपर्यंत गाडी उभी करतो."

"आणि रस्त्यात तडकली म्हणजे?" गोदाबाई म्हणाल्या. "आत दुखणाईत बाई. तूच सांगितलंस ना, मधे जोडली की तडकते?"

"तडकत नाही, बाई. मी खोटं बोललो होतो."

"कशापायी?"

"पावसाळ्यात नोकरी राहावी म्हणून."

शेठजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देख गोटू, बायकोसाठी माणूस स्वतःलाही खोटं पाडतो. पण तीन वर्षं आम्ही बघतोय. पहाटे उठून तू एकेका पट्ट्याला तेल चोळतोस. खोट्यासाठी इतकं कोण करतं?"

गोटूने ते सगळं खोट्यासाठीच केलं होतं, आणि मन लावून केलं होतं.

तो खोलीकडे वळला, तर गोदाबाई सोवळ्यात दाराशी उभ्या. "मी तुझ्या सरूला मरू देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांना धक्का देऊन आत जाणं गोटूला जमलं नाही.

शेठजींनी आपल्या कापसाच्या जिनातले चार हमाल दिले, वर एक खाट दिली. "माणसाच्या खांद्यासारखी कमान नाही," ते म्हणाले.

हमालांना कापसाच्या गाठी वाहायची सवय. गावातून सरुबाईची खाट खांद्यावर घेऊन इस्पितळाकडे पावलाला पाऊल लावून चालले, एक धक्का बसू दिला नाही. पाऊस होता म्हणून सरुबाईला डोक्यावरून घोंगडी घातली होती. समोरून येणारे लोक सडकेच्या कडेला होत होते आणि हात जोडत होते. एका म्हाताऱ्याने पागोटं काढलं.

"कोण गेलं?" एका गाडीवानाने विचारलं.

"कोणी नाही. जिवंत आहे," गोटू म्हणाला.

गाडीवानाचा विश्वास बसला नाही. तेव्हा घोंगडीखालून सरुबाईने हात बाहेर काढून हलवला. गाडीवान बैलांच्या आड झाला.

"हात आत घे," गोटू म्हणाला. "लोक भितात."

"मग तुम्ही सांगत बसा सगळ्यांना," घोंगडी म्हणाली. "तुमचं कोण ऐकतंय ते बघू."

त्यानंतर जो विचारेल त्याला गोटू सांगायचा, जिवंत आहे, आणि सरुबाई हात दाखवायची. शहरात शिरल्यावर राजपुऱ्यात एका दुकानदाराने उठून हात जोडले.

"जिवंत आहे," गोटू म्हणाला, आणि हाताची वाट बघत राहिला.

हमाल थांबले. दुकानदारही हात जोडून थांबला. त्याला घाई नव्हती.

देवउठनी ग्यारसला कमानी जोडल्या. शेठजींनी एकेका पट्ट्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. "गंजाचा ठिपका नाही. तुझी सेवा फळली, गोटू." गोटूने नट आवळला.

पहिली फेरी असीरगडच्या सडकेनेच निघाली. पावसाने सडक उखडली होती, खड्डे जागोजाग. शेठजींनी मागे बसून पान लावायला घेतलं. चुन्याचं बोट पानाबाहेर गेलं नाही.