फेस येणारा साबण

वंदे, ते दार लाव पहिले. अन् स्वरदा, तू तो मोबाईल ठेव बाजूले, नाही तं मंग म्हणशीन का मले काही कळलंच नाही. कालपासून दोघी बी मांगं लागल्या, "काय झालं शिवमदादाच्या सोयरीकीचं, काय झालं." तं ऐका आता. एका दमात सांगीन, मधात थांबली तं पुढचं सांगणं होणार नाही माह्यानं.

वंदीले माहीत हाये, पण स्वरदा तू बुलढाण्याची, घाटावरची, तुले खारपाण म्हणजे काय ते कळणार नाही. आमच्याकडं जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, केसाच्या जटा होतात, अन् साबणाले फेस येत नाही. हातात नुसता पांढरा साका होते, दूध फाटल्यावानी. ते तरी जाऊ दे. तेच पाणी जलमभर पेऊन लोकाईच्या किडन्या जातात. माही माय त्यातलीच. आठवड्यातून दोनदा तिले खामगावले डायलिसिसच्या मशीनवर आणा लागते, हे तुमाले माहीत हाये, तुमी दोघी तं तिले डबा बी नेऊन देता.

मंग अशा गावात पोरगी कोण देईन? कोणीच नाही. दादा एकतीस वर्षाचा झाला. वावर हाये, ट्रॅक्टर हाये, दारू नाही, खर्रा नाही. येतात लोक, पाह्यतात, जातात. अन् त्याईनं आता एक रीतच काढली हाये. घर पाहाले आले का पहिले म्हणतात, "हात-पाय धुवू द्या हो." नळाखाली साबण घासतात अन् पाह्यतात, फेस येते का नाही ते. हिवाळ्यात चिखलीकडचे आले होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं साबण घासला, हातातला साका अंगठ्यानं चोळून पाह्यला, धोतराले हात पुसले अन् चहा न घेता गाडीत जाऊन बसला. माय खाटेवरून इचारे, "काऊन वं, गेले? पोहे तं आता फोडणीले टाकले मनकर्णाबाईनं." मनकर्णाबाई म्हणजे आमची शेजारीण.

हास नको वंदे. आता हासू येते, तवा दादा दोन दिवस वावरातून घरी नव्हता आला.

आता ह्या येळचे लोक होते सुलतानपूरचे, लोणारकडचे. सोयरीक सांगणारा आमचा ज्ञानेश्वरदादा. त्यानं फोनवरच सांगतलं, "पाय जये, पोरीचा काका हिंमतराव म्हणून हाये, सगळं त्याच्या हातात हाये. त्यो फेस पाह्यल्याशिवाय उंबरा वलांडत नाही. काहीतरी कर." म्या म्हटलं, काय करू? म्हणे, "तू खामगावात शिकतं ना? चांगला, भारी साबण पाय. इतके साबण निंगाले दुनियेत, एकाले बी फेस येणार नाही का?"

मले पटलं बाप्पा! तवा तं तुमी दोघीबी होत्या ना संगं दुकानात, सगळ्या वड्या नाकाले लावून लावून पाह्यल्या आपण. तो दुकानदार म्हणे, "पोरींनो, घ्यायचा हाये का नाकात घालायचा हाये?"

तं मी तो ढीग घेऊन घरी गेली. बोअरच्या पाण्याची बादली, जारच्या गोड पाण्याचं घमेलं, अन् मधात मी. माय खाटेवर बसून. पहिला काढला चंदनाचा. वासाले तं सांगू नको! खोली अशी भरली का मायनं डोळे मिटले, म्हणे, "देवळात बसल्यावानी वाटते वं." गोड पाण्यात फेस असा, लोण्यावानी. बोअरच्या पाण्यात घातला, झाला साका. मंग तो पारदर्शक, काचेवानी दिसते तो. वास हलका, चांगला, पण आमच्या पाण्यात हातातून निसटे, फेस नावाले नाही. गुलाबाचा घासला तं त्याचा वासच पलटला, तेलकट, ऊबट. अन् सगळ्यात महाग घेतला होता ना आपण, तो हातानं बनवलेला, तुळशीचा, कागदात दोरी बांधलेला? तो तं सगळ्यात पहिले फाटला. वरून अर्धी वडी एका दिवसात झिजली. माय म्हणे, "याच्याहून तं आपला धुण्याचा बरा, निदान टिकते." वंदे, तुह्या मावशीनं दुबईहून आणलेला बी गेला, माफ कर.

म्या घमेलं ढकलून देलं. रडूच आलं मले. तं माय म्हणे, "माहा घासून पाय."

माहा म्हणजे तिचा, औषधाच्या दुकानातला. किडनीवाल्याईच्या अंगाले लय खाज सुटते, तं डॉक्टरनं तिले एक पांढरी वडी लिहून देली हाये, साध्या साबणानं कातडी अजून फाटते म्हणून. त्याले वास नाही, रंग नाही, काही नाही. म्या म्हटलं, महागाचे हरले, हा काय करीन? पण घासला, अन् आला ना फेस! आमच्या पाण्यात! असा जाड, पांढराफेक, कोपरापर्यंत. मी अशी वरडली का दादा धावत आला, त्याले वाटलं मायले काही झालं. त्यानं बी हात धुतले. मंग परत धुतले. मंग नुसता नळाखाली हात धरून उभा राह्यला अन् हासे. कितीक दिवसानं हासला असन तो.

वासाचा बंदोबस्त केला. बिनवासाची वडी हुंगली तं काका वळखीन ना, औषधाची हाये म्हणून. तं ती वडी चंदनाच्या वडीसंगं एका डब्यात रातभर कोंडून ठेवली. सकाळी चंदनावानी वास मारे.

अन् मायले शेजारी मनकर्णाबाईच्या घरी नेऊन बसवलं. हो, बसवलं. काय करतं मंग? तिच्या हातावरची ती मशीनच्या सुईची गाठ, सुजलेले पाय, तोंड फिकं. कोणालेही कळते. तिनंच चप्पल घातली, म्हणे, "सांगजा मी भावाकडं सप्त्याले गेली. मी खोकलणार बी नाही."

आले पाहुणे. हिंमतराव, त्याईची वहिनी प्रेमलाबाई, म्हणजे पोरीची माय, अन् ज्ञानेश्वरदादा. हिंमतराव उतरल्या उतरल्या म्हणे, "हात-पाय धुतो जरा. धुळीनं पार भरलो बघा." बाबा इकडं, दादा तिकडं, मी खिडकीत. त्याईनं वडी घेतली, हुंगली. घासली. आला फेस! कोपरापर्यंत चढवला त्याईनं. अन् हासले! "अरे, उगंच बोंब उठवलीय लोकांनी! पाणी तर गोड दिसतंय की तुमच्याकडं!" बाबा म्हणे, "देवाची कृपा." बाबाचा आवाज असा कापे का मले वाटलं आता सांडते सगळं.

हिंमतराव तं मंग खुलूनच गेले. खाटेवर मांडी घातली, दादाच्या पाठीवर थाप मारली. "काय शिवमराव, पोरीला मोबाईलवर रोज फोन करायचा नाही बरं, लग्नाआधी बिल आमच्याकडं येईल!" ज्ञानेश्वरदादा मले डोळे मिचकावे. दादाचे कान लाल झाले.

आता ऐका. सयपाक मी अन् मनकर्णाबाईनं केला होता. पाण्याची चव लागू नये म्हणून सगळा जारच्या पाण्यात. वरण, वांग्याची भाजी, भात, कणीक बी जारच्याच पाण्यात भिजवली. एरवी जारचं पाणी आमी फक्त पेतो, सयपाक बोअरच्याच पाण्यात. तं त्या दिवशी वरण असं मऊ शिजलं, कधी पाह्यलं नव्हतं. मले वाटलं, जिंकलो आपण.

पानं वाढली. हिंमतरावनं वरण-भाताचा घास घेतला. थांबले. मंग भाजी खाल्ली. अन् लागले मोठ्यानं हासायले. "पोरी, मीठ महागलंय का गं खामगावात?" म्या दादाच्या ताटातून चाटून पाह्यलं. अळणी! वरण अळणी, भाजी अळणी, सगळंच.

काऊन? अवं, म्या मीठ नेहमीवानीच टाकलं होतं! नेहमीवानी म्हणजे आमच्या पाण्यातलं मीठ धरून! आमच्या गावातल्या बाईचा हातच तसा बसला हाये, चिमूटभर टाकलं का झालं, बाकीचं मीठ पाणीच टाकते. मनकर्णाबाईच्या बी ध्यानात नाही आलं, सत्तर वर्षाची बाई. साबण पाह्यला, वास पाह्यला, मायले लपवलं, अन् हे कोणाच्या डोक्यातच नाही!

सगळे हासले. मिठाची वाटी फिरली. बाबा म्हणे, "पोरगी घाबरली जराशी." एकट्या प्रेमलाबाई नाही हासल्या. त्याईनं मीठ बी नाही घेतलं. अळणी वरण-भात सगळा खाल्ला, ताट उचललं अन् सरळ सयपाकघरात माह्याकडं आल्या.

कोपऱ्यात जार होते. त्याईनं ते पाह्यले. मंग मले हळूच म्हणतात, बोलणं बी पलटलं त्याईचं, आपल्यावानी, "माहं माहेर संग्रामपूरकडचं, खारपाणातलंच हाये, बाई. लग्न होऊन सुलतानपूरले गेली, पहिला सयपाक केला, अन् सासरा म्हणे, सुनेच्या माहेरी मीठ मिळत नाही काय? असंच अळणी वरण होतं ते. मले लय महिने लागले हात बसवाले."

म्या त्याईच्या हातातलं ताट घेतलं.

"तुही माय कुठं हाये?"

"मामाकडं. सप्त्याले."

"माहा बाप बी असाच सप्त्याले गेला होता," म्हणे, "माह्या भावाची सोयरीक आली तवा. किडन्या गेल्या होत्या त्याच्या, गोठ्यात लपवला होता."

स्वरदा, म्या नुसतं मनकर्णाबाईच्या घराकडं पाह्यलं. त्या मांगच्या दारानं गेल्या, मी मांगं. माय खाली भिताडाले टेकून बसली होती, पदरानं हात झाकून. प्रेमलाबाई जवळ बसल्या. पदर बाजूले केला. त्या गाठीवर तळवा ठेवला. त्या गाठीत मशीनवानी थरथर लागते हाताले, तुमी हात लावून पाह्यला हाये. त्या तशाच बसून राह्यल्या.

अन् मायले वाटलं जमलं! ती गरीब तोंडानं म्हणते, "बाई, तुमची पोरगी मी माह्या जयमालापरीस जास्त ठेवीन."

प्रेमलाबाई म्हणे, "तुमी ठेवसान वं गीताबाई. पाणी ठेवीन का?"

बस, इतकंच. उठल्या. दिराले काही सांगतलं नाही तिथं, आमची इज्जत ठेवली. हिंमतराव गाडीत बसतानी बी म्हणे, "साबण कोणता तो, नाव सांगा, घरी घेतो." सांजेले ज्ञानेश्वरदादाचा फोन आला. नाही म्हणे.

मले वाटलं, संपलं इथं. पण मायच्या डोक्यात भलतंच बसलं. पाण्याचं नाहीच. तिच्या डोक्यात, आपल्याले पाह्यलं म्हणून मोडलं. मी तिले लाख सांगतलं का वरण अळणी झालं, माहा हात चुकला. ती म्हणे, "तू मले समजावू नको." दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी. ऑटो दारात. माय उठलीच नाही. भिताडाकडं तोंड केलं, म्हणे, "मी नाही येत. मी घरात हावो तवरोक ह्या घराले किडनीचं घर म्हणतीन. मी गेली का आजार गेला. मंग कोणीबी देईन पोरगी."

बाबा रडले. मनकर्णाबाईनं शिव्या देल्या, "मरतं का वं रांडे, पोराच्या डोळ्यासमोर?" ती हालली नाही. ऑटोवाला गेला वाट पाहून. ती पाळी हुकली. दुसऱ्या दिवसापासून पाय असे सुजले का बोट दाबलं तं खड्डा तसाच राहे. रातभर आडवं होता येईना, बसून श्वास घे. घाबरून घाबरून पाणी मागे अन् आमी घोटभरच देऊ, पाणी अंगात साचते म्हणून.

दादा तवरोक एक शब्द नव्हता बोलला. काल सकाळी तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मले वाटलं, आता पाया पडते, रडते. तं नाही. हिशेब सांगतल्यावानी, वावरातल्या गड्यासंगं बोलते तसा म्हणे, "तू मेली तं मंग वर्षश्राद्धापर्यंत घरात मंगल काम नाही. वर्षभर लग्न नाही. कोणी पाहाले बी येणार नाही. सांग, मंग कसं?"

मायनं मान वळवली. त्याच्याकडं पाह्यलं. वंदे, ते पाहणं... मले वाटलं ती त्याले मारते आता. बाबा म्हणे, "शिवम, कोणासंगं बोलून राह्यला तू?" दादानं बाबाकडं पाह्यलं बी नाही. "अन् महिना-दोन महिने अंथरुणात काढले तं तेवढा काळ अजून गेला," म्हणे. "उमर कोणाची चालली? माही."

बाहेर पुढच्या पाळीचा ऑटो फुरफुर करे. मंग मायनं हात पुढं केला, का मले उठव म्हणून. दादानं उठवली. मी चप्पल घालाले गेली तं पायात शिरेना, तशीच अनवाणी नेली. ऑटोत बसली, दम लागला होता, बोलता येत नव्हतं, तरी दादाच्या बाहीले धरून म्हणते,

"ज्ञानेश्वरले सांग... दुसरं घर पाय म्हणा. आत्ताच. मी तवरोक जातो मशीनवर."

दादानं हो म्हटलं. त्याचं तोंड मी नाही पाह्यलं. मी मायचे पाय मांडीवर घेतले अन् ऑटोवाल्याले म्हटलं, चाल.