आखूड नळीची बंदूक

आर्डिस क्वामेने घोंगडीत गुंडाळलेली बंदूक जुन्या बंदुकांचा जाणकार डेल रकमन याच्या दुकानातल्या टेबलावर ठेवली. "एवढं लिहून दे रे बाबा, की ही कारखान्यातूनच आखूड आली. माझ्या म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागलाय."

म्हातारा म्हणजे तिचा थोरला भाऊ ओरिन. वृद्धाश्रमात ऑक्सिजनवर दिवस ढकलत होता. त्यांचे वडील हाल्वर बिटररूटच्या डोंगरात सापळे लावून बीव्हर पकडायचे, आणि ही बंदूक त्यांची. आपल्या डोळ्यांदेखत ती गावच्या संग्रहालयात लागावी, एवढंच ओरिनचं मागणं होतं. पण संग्रहालयवाल्यांना जाणकाराचं पत्र हवं होतं.

डेलने आधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं, मग नळीत गज घालून लांबी मोजली. "सोळा इंचांच्या आत आहे, आणि कायद्याला निदान सोळा लागतात. पण सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांसाठी कारखाना अशा आखूड बंदुका खास बनवायचा. ही त्यातली निघाली तर काही अडचण नाही. पण हिच्यावर कोरलेल्या नंबराच्या काळातल्या कारखान्याच्या नोंदीच उरलेल्या नाहीत. आता लोखंडालाच विचारायचं."

त्याने भिंग लावलं. आर्डिस त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो चेहरा हळूहळू पडत गेला.

"बाई, हे नळीचं तोंड बघा. कारखान्यातून आलेलं तोंड गोल आणि गुळगुळीत असतं. इथे कानशीचे ओरखडे आहेत. नेम धरायची पुढची माशी परत डाक देऊन बसवलीय, तीही जरा तिरकी. ही नळी नंतर कोणीतरी कापलीय."

"कोणीतरी म्हणजे कोण? आमच्या घराबाहेर कधी गेलीच नाही ती!" ती फणकारली, पण तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. लाकडाच्या गिरणीत ओंडका पडल्यापासून बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. तिने त्यांना पाहिलं ते त्याच अधू हातासकट. लांब, जड बंदूक त्यांना पेललीच नसती.

"बाबांनीच कापली," ती म्हणाली. "त्याशिवाय आम्ही पोरं जगलोच नसतो. हे लिही की पत्रात!"

"लिहीन हो. पण कायद्याच्या लेखी त्यामुळेच ती बेकायदा ठरते. आणि आता नोंद करून घेण्याची सोयही नाही. हवं तर वकिलाला विचारा." डेलने भिंग पुसायला घेतलं. "एक करता येईल. ही नळी काढून पोलिसांकडे जमा करायची आणि त्याच काळातली लांब नळी बसवायची. मग बाकीची बंदूक तुमची."

आर्डिसने वकिलाला फोन केला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत, आणि वर बजावलं, "घरी ठेवू नका."

वृद्धाश्रमात ओरिन उशीला टेकून बसला होता. कारखान्याने हाल्वर क्वामेसाठी मुद्दाम बनवलेली बंदूक म्हणून त्याने जन्मभर गावाला ऐकवलं होतं. आर्डिसने सगळं सांगितल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "त्या डेलला काय कळतंय? काल मिसरूड फुटलेलं पोरगं!"

"ओरिन, मीही पाहिले ते ओरखडे."

ओरिनने स्वतःचा डावा हात उचलून पाहिला. "त्या अधू हाताने कशी कापली असेल गं?"

"काय माहीत. पायाखाली दाबून धरली असेल."

"आणि आता तेवढीच नळी काढून द्यायची? मग राहिलं काय त्यात बाबांचं?" त्याला खोकल्याची उबळ आली. आर्डिसने पाठ चोळली. "दुसऱ्याची नळी लावून भिंतीवर टांगू नकोस. द्यायचीच तर अख्खी दे."

शेरीफच्या कचेरीतला तरुण हवालदार नम्रपणे बोलला. बंदुकीला चिठ्ठी बांधली, आर्डिसची सही घेतली.

"हिचं काय करणार?"

"बहुतेक तुकडे करून भट्टीत. वाईट वाटतं, बाई, पण माझ्या हातात काही नाही."

"एकदा नळीला हात लावू दे."

त्याने छताकडच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "एकदा जमा झाली की नाही देता येत."

ती परत आली तेव्हा ओरिन जागाच होता.

"दिलीस?"

"दिली."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. कोट न काढताच ती त्याच्या पलंगाशी बसून राहिली. मग सूप थंड होतंय म्हणून दोनदा सांगून पाहिलं. तो काही वळला नाही.