गालावरची लव

मास्तरांनी उभा जन्म कोट शिवण्यात घालवला. साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे. ते डोळे तपासायला गेले ते निव्वळ ताईच्या हट्टापायी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला काचबिंदू निघाला होता आणि तो घराण्यात चालतो, भावालाही पाठवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मास्तरांच्याही डोळ्यांतला दाब अठ्ठावीस निघाला, तो एकवीसच्या आत हवा. नजर शाबूत होती, पण दाब असाच राहिला तर ती कडेकडेने जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं सांगून बाईंनी थेंब लिहून दिले.

मग भावंडांना बोलायला एक नवाच विषय मिळाला. थेंबांच्या बाबतीत ताई स्वतःला जुनीजाणती समजायची. सकाळ-संध्याकाळ घालायच्या पहिल्या थेंबांनी तिची नाडी मंदावली, जिना चढताना धाप लागू लागली. दुसरे थेंब डोळ्याला झोंबत आणि तोंड कडू करत. तिसरे, झोपताना एकदाच घालायचे, तेवढे मानवले. डोळे जरा लाल दिसत, पण दाब सोळावर आला आणि पापण्या अशा लांब झाल्या की शेजारणी काजळ कुठलं म्हणून विचारू लागल्या.

तेच औषध, फक्त दुसऱ्या कंपनीचं, मास्तरांना मिळालं होतं. चार महिने एक दिवस चुकला नाही, तरी दाब सत्तावीस. मास्तरांनी ठरवून टाकलं की आपल्या बाटलीत नुसतं पाणी आहे.

"ताई, तुझी बाटली मला दे आठवडाभर," ते म्हणाले.

"दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश मागशील का? मग थेंब कसले मागतोस? चल, बाईंनाच विचारू."

दोघं दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा दाब पुन्हा मोजला, तो जिथल्या तिथे होता. आता आणखी एक औषध वाढवावं लागेल, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली आणि मध्येच थांबल्या. त्यांनी ताईच्या पापण्या पाहिल्या, मग मास्तरांच्या. मास्तरांच्या पापण्या होत्या तशाच आखूड होत्या. दिवा जवळ आणून बाई त्यांचा गाल निरखू लागल्या. दोन्ही डोळ्यांखाली, दाढीच्या बऱ्याच वर, मऊ लव उगवली होती.

बाईंनी साध्या ओलाव्याच्या थेंबांची बाटली त्यांच्या हाती दिली आणि घरी घालता तसे घाला म्हणाल्या. मास्तरांनी मान मागे टाकली, बाटली नेमकी डोळ्यावर धरली. हात जराही हलला नाही. पण थेंब सुटला तसा डोळा गच्च मिटला आणि थेंब गालावरून ओघळला.

"औषध उत्तम आहे, लागेल तिथले केस वाढवतं," बाई म्हणाल्या. "चार महिने तुम्ही गालाला पाजलंत."

ताईला हसू आवरेना. मास्तर आधी ओशाळले, मग त्यांनाही हसू फुटलं. शिकवण्याचं काम ताईनेच अंगावर घेतलं. खालची पापणी बोटाने ओढायची, नजर छताकडे, थेंब त्या खोबणीत, मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. पहिले तीन थेंब मास्तरांच्या कॉलरवर गेले. चौथा आत गेला, तशी ताईने टाळी वाजवली आणि बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले.

नवं औषध लिहिलं गेलंच नाही. सहा आठवड्यांनी ती दोघं परत आली. यंत्रावरचा आकडा बाईंनी आधी स्वतः वाचला, मग मास्तरांनाच वाचायला लावला. पंधरा.

"तुझ्याहून एकने कमी," मास्तर ताईकडे वळून म्हणाले.

ताई म्हणाली, लहानपणापासून हा असाच, शिकवायचं मी आणि पहिला नंबर याचा.  पण तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि रस्ता ओलांडून त्याच्या शिवणकामाच्या दुकानात जाईपर्यंत सोडला नाही.