बसऱ्याची किटली, लोणावळ्याचा बत्ता

लढाईवरून औंढ्याला परत आलेल्यांनी काय काय आणलं! कुणी छातीवर बिल्ला आणला, कुणी लंगडा पाय आणला. भिमाजीनं बसऱ्याहून लांब चोचीची पितळी किटली आणली आणि तिच्याबरोबर कॉफीचं खूळ आणलं. मेलं ते खूळ तिकडंच वाळूत पुरून आला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. आणि त्या खुळापायी सोसायचं कुणी, तर सरूबाईनं.

सरूबाई म्हणजे त्याची बायको. तो तिकडं होता तोवर तिनं एकटीनं भात लावला, कापला, झोडला आणि सासूचं दुखणंखुपणं काढलं. नवरा जिवंत परत येऊ दे म्हणून देवाला नवस बोलली. देवानं ऐकलं. कधीकधी देवही नको तितकं ऐकतो.

भिमाजी लोणावळ्याच्या बाजारातून हिरव्या बिया घेऊन आला आणि तिच्यापुढं पुडा आपटला. "भाज, कूट, उकळ. वर येलदोडा. तितला अरब करतो तशी झाली पायजे."

झालं, एवढंच शिक्षण! तो अरब कुठला, त्याची कॉफी कसली, हे सरूनं स्वप्नातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तिनं बिया भाकरीच्या तव्यावर भाजल्या आणि खलबत्त्यात कुटल्या. घरात खलबत्ता एकच, मिरचीचा. भिमाजीनं पहिला घोट घेतला आणि त्याला असा ठसका लागला की डोळे रक्तासारखे लाल झाले.

"इख घालतीस व्हय मला?" तो ओरडला आणि गरम किटली त्यानं तिच्या दंडावर दाबून धरली. कातडं चर्र झालं. ती ओरडली तशी त्यानं आणखी दाबली.

दुसऱ्या खेपेला तिनं खलबत्त्याचं नावच टाकलं आणि बिया जात्यावर दळल्या. जात्यात नाचणीचं पीठ राहिलेलं. किटलीत कॉफीऐवजी पेज शिजली. भिमाजीनं ती पेज तिच्या तोंडावर फेकली, केस धरले आणि तिचं तोंड जात्याच्या पाळीवर आपटलं. पुढचा दात तुटून नाचणीच्या पिठात पडला.

आता तुम्ही म्हणाल, बाईनं आधी चाखून का नाही बघितलं? अहो, कशी चाखणार? बाप्याच्या आधी चुलीवरच्या कशालाही जीभ लावायची नाही, अन्न उष्टं होतं, ही सासूची, झुंबरबाईची शिस्त. तिला ती तिच्या सासूनं लावलेली. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. कालवणाचा अंदाज जन्मात चुकायचा नाही, पण ह्या काळ्या पाण्याचा अंदाज कुठून आणायचा? आणि भिमाजीचं पिऊन झालं की उरलासुरला थेंबही तो उकिरड्यावर ओतायचा, बाईमाणसानं प्यायची चीज नव्हे म्हणून.

"सोस बाई," झुंबरबाई दंडाला लोणी लावताना म्हणाली. "मी बी सोसलं."

तिसऱ्या खेपेला भिमाजीनं मारलं नाही. शांतपणे पैसे पुढं फेकले. तो शांत झाला की सरूला जास्त भीती वाटे. "बाजारात जा. काय भांडीकुंडी लागंल ती आण. सोमवारी जर का बसऱ्यावानी झाली न्हाई, तर तुजा उजवा हात चुलीत घालीन. मंग बघू, कंच्या हातानं लावनी करतीस."

हे नुसतं बोलणं नव्हतं. भुंकतं म्हणून शेजारच्या कुत्र्याची मान त्यानं ह्याच हातांनी पिरगळली होती, तीही हसत. सरू त्या रात्री आपला उजवा हात पोटाशी धरून निजली.

लोणावळ्याच्या बाजारात जाहिदाबीचं भांड्यांचं दुकान होतं. तिचा नवरा गुलजार एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा, त्यामुळं कॉफीची भांडी ठेवावीत तर तिनंच. सरूनं पदर तोंडावर ओढून काय काय झालं ते सांगितलं. मिरची सांगितली, नाचणी सांगितली. दात आणि दंड तेवढा सांगितला नाही.

जाहिदाबीनं कपाळावर हात मारला. "या खुदा! अगं, कॉफी म्हणजे सवत गं बाई, दुसरीच्या भांड्यात नांदत नाही. तिचा तवा निराळा, तिचा खलबत्ता निराळा, तिचं फडकं निराळं. ज्याला त्याला तिखट-मिठाचा वास लागलेला, ती चव धरणार कशी?" मग तिनं दंडाकडं बोट केलं. "हे काय झालं?"

"चुलीनं भाजलं."

"हं. आणि गळ्यावर? तुमच्या चुलीला पाच बोटं असतात का गं?"

सरूनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला. जाहिदाबीनं पुढं विचारलं नाही. तिनं एक दांड्याची चक्की पुढं ओढली. वर बिया टाकायच्या, दांडा फिरवायचा, खालच्या खणात भुकटी. "बंगल्यावर हीच असते. टेबलाला स्क्रू मारून बसवायची, बस्स."

"आमच्यात टेबल कुटलं, मावशी?"

"मग खलबत्ता घे. हा पितळी बघ, हलका आहे, हात भरून येत नाही."

सरूनं पितळी बत्ता उचलला आणि ठेवला. शेजारी लोखंडी होता. तो तिनं उजव्या हातानं उचलला, मग डाव्या हातात घेतला, खांद्यापर्यंत नेला आणि सावकाश खाली आणला. "ह्यो द्या."

"जड आहे गं."

"व्हय. म्हनूनच."

जाहिदाबीनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग गुमान तो खलबत्ता, एक कोरा तवा आणि गाळायचं फडकं बांधून दिलं. वर सांगितलं, "बिया तांबूस झाल्या की उतरव, काळ्या करू नकोस. आणि चाखून बघत जा."

"उष्टं कसं देऊ वो?"

"न चाखता दिलंस, त्याचं काय बक्षीस मिळालं?" जाहिदाबी फटकन म्हणाली.

सोमवारी सरूनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. चाखलं मात्र नाही. जन्माची सवय, एका बाजारात जाते होय! कॉफी फडक्यातून गाळली, वेलदोडा घातला आणि लष्करी मग भिमाजीपुढं ठेवला. उजवा हात पदराखाली लपवून ती चुलीजवळ बसली.

भिमाजीनं घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ब्येस!" तो म्हणाला. "अगदी बसऱ्यावानी!"

सरूचा जीव भांड्यात पडला. वाचला गं बाई हात! लग्नानंतर पहिल्यांदाच तिला त्याच्याकडं बघून हसावंसं वाटलं आणि ती हसलीही.

भिमाजीनं हातातला मग खाली ठेवला. "म्हंजी तुला येत हुतं."

"आं?"

"येत हुतं! इतके दिस मुद्दाम इख पाजत हुतीस मला! नवऱ्याची मजा बघत हुतीस व्हय गं? वर हसतीस?"

"न्हाई वो, भांडी—"

पुढचं बोलू दिलं तर ना! त्यानं तिच्या कानशिलात अशी दिली की ती चुलीवर कोलमडली. मग उजवं मनगट पकडलं आणि खरोखरच हात निखाऱ्यांकडं ओढला. बोटांची टोकं जळली. घरभर वास सुटला. ती किंचाळत होती आणि तो दातओठ खाऊन रेटत होता. गोड कॉफी केली तरी हात जाणार आणि कडू केली तरी जाणार, हे सरूला त्या घडीला लख्ख कळलं.

डाव्या हाताला बत्ता लागला.

तिनं तो खांद्यापर्यंत नेला आणि त्याच्या कोपराखाली घातला. वाळकं जळण मोडावं तसं हाड मोडलं. भिमाजी बैलासारखा ओरडला आणि उरलेल्या हातानं तिच्या गळ्याकडं झेपावला. तिनं दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तशी ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली, बत्ता दोन्ही हातांनी वर धरून. भाजलेल्या बोटांतून रक्त बत्त्यावर ओघळत होतं.

"मारू नगं," भिमाजी म्हणाला. "सरू, मारू नगं."

हे शब्द तिनं किती वेळा म्हटले होते! ते त्याच्या तोंडून ऐकताना तिला इतका राग आला की तिनं बत्ता आणखी वर उचलला. पण तिनं बत्ता खाली आणला नाही.

दारात माणसं जमली. झुंबरबाई परसातून धावत आली. तिनं लेकाचा लोंबता हात पाहिला, सुनेची बोटं पाहिली, बत्ता पाहिला. मग ती लोकांकडं वळली. "काय बघताय? कॉफी कुटताना बत्ता निसटला. हाडवैद्याला बोलवा जावा."

बत्ता निसटून हातावर पडतो आणि तिथून उडी मारून गुडघ्यावर? पण झुंबरबाईच्या तोंडाला लागणार कोण? माणसं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूनं चिंधी बांधलेल्या हातानं पुन्हा कॉफी केली. भिमाजी भिंतीला टेकून बसला होता, हात कामट्यांत बांधलेला. तिनं मग भरला आणि त्याच्यासमोर बसून आधी आपण घोट घेतला. कडू! मेली कडू जहर! ह्याच्यापायी माझा दात गेला? ह्याच्यापायी दंड? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

झुंबरबाई सगळं बघत होती.

सरूनं तो उष्टा मग भिमाजीपुढं सरकवला. बत्ता तिच्या मांडीवर होता.

"पी," ती म्हणाली.

त्यानं मगाकडं पाहिलं, बत्त्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं मग उचलून प्यायला लागला.

"कशी झालीया?"

"ब्येस," भिमाजी म्हणाला.